नियमाचा एक अपवाद : लंडन, २७ मे १८४४

संगीताच्या इतिहासात काही दिवस नव्या रचनेच्या जन्मामुळे स्मरणात राहतात, तर काही दिवस जुन्या रचनेला मिळालेल्या न्यायामुळे. २७ मे १८४४ हा दुसऱ्या प्रकारचा दिवस होय. त्या संध्याकाळी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर येथील संगीतगृहात फिलहार्मॉनिक सोसायटीचा वाद्यवृंद बसला होता. संचालक होते पस्तीस वर्षांचे फेलिक्स मेंडेल्सन, आणि त्यांच्या शेजारी व्हायोलिन घेऊन उभा होता योझेफ योआखिम नावाचा एक मुलगा. त्याला तेरावे वर्ष पूर्ण होण्यास अजून एक महिना अवकाश होता. बीथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो त्या संध्याकाळी वाजला. जाणकारांनी जवळजवळ बाजूला सारलेली ही रचना पुढे व्हायोलिनवादनाचे शिखर मानली जाऊ लागली, त्याचा आरंभ या कार्यक्रमापासून धरतात.

हा प्रसंग केवळ एका बालकलावंताच्या यशाची कथा म्हणून सांगितला जातो. आम्हांस मात्र त्यात एक निराळा प्रश्न दिसतो. अंगी असामान्य गुण असलेले मूल समोर आले, तर वडीलधाऱ्यांनी काय करावे? त्याला व्यासपीठ द्यावे की थांबवावे? मेंडेल्सन यांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते दीडशेहून अधिक वर्षांनंतरही विचारात घेण्याजोगे आहे. त्यासाठी प्रथम त्या रचनेची हकिगत पाहिली पाहिजे.

कॉन्चेर्टो म्हणजे एकल वाद्य आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यातील संवाद. बीथोव्हेनने आपला हा एकमेव पूर्ण व्हायोलिन कॉन्चेर्टो १८०६ साली फ्रान्झ क्लेमेंट या व्हिएन्नातील वादकासाठी लिहिला. क्लेमेंट तेव्हा २६ वर्षांचे होते आणि 'थिएटर आन डेर वीन' या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. तेही एके काळी बालकलावंत म्हणून युरोपभर फिरले होते. २३ डिसेंबर १८०६ रोजी त्यांच्याच मदतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात ही रचना प्रथम वाजली. ती इतकी उशिरा पुरी झाली, की क्लेमेंट यांना पुरेशी तालीम न करता समोरचा कागद पाहूनच वाजवावे लागले, अशी आख्यायिका आहे. त्याच कार्यक्रमात त्यांनी व्हायोलिन उलटे धरून एकाच तारेवर स्वतःची एक रचना वाजवून दाखविली. एकीकडे बीथोव्हेनची गंभीर रचना आणि दुसरीकडे ही कसरत, हे दोन्ही एकाच तिकिटात! त्या काळच्या रसिकतेची कल्पना यावरून यावी. समीक्षकाने कॉन्चेर्टोतील सौंदर्यस्थळे मान्य केली, परंतु त्यात सलगपणा नाही आणि सामान्य स्वरावलींची पुनरुक्ती कंटाळवाणी होते, असा शेराही मारला.

या शेऱ्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. ही रचना टिंपनीच्या, म्हणजे नगाऱ्याच्या जातीच्या वाद्याच्या, पाच मंद ठोक्यांनी सुरू होते. मग ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकवाद्ये एक शांत धून मांडतात. एकल वादक स्तब्ध उभा असतो, आणि सुमारे तीन मिनिटांनी त्याचा प्रवेश होतो. प्रवेशानंतरही तो डोळे दिपवीत नाही. वाद्यवृंदाने मांडलेल्या विषयाभोवती तो वेलीसारखा चढत राहतो. पहिला भागच वीस मिनिटांच्या वर चालतो. दुसरा भाग म्हणजे तारवाद्यांचे स्वर दबवून केलेले संथ चिंतन, आणि त्यातून न थांबता तिसरा, नृत्याच्या लयीचा भाग उमलतो. वेगवान बोटांचे चमत्कार पाहण्यास आलेल्या श्रोत्यास यात काय मिळणार? येथे वादकाने स्वतःला विसरावे लागते, आणि नेमके तेच त्या काळातील नामवंतांना मानवणारे नव्हते.

परिणामी १८०८ साली छापली जाऊनही ही रचना क्वचितच ऐकू येई. ती अगदीच लुप्त झाली होती असे नव्हे. पॅरिसमध्ये बेयो यांनी ती वाजविली, आणि १८३४ साली व्हिएन्नात चौदा वर्षांच्या आंरी व्ह्यूतां या बेल्जियन मुलानेही वाजविली. लंडनमध्ये एलियासन नावाच्या वादकाने ती सादर केली, तेव्हा तेथील एका समीक्षकाने ती तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या रचनाकाराची वाटावी, असा अभिप्राय दिला. लुडविग श्पोर यांच्यासारख्या थोर व्हायोलिनवादकासही ती पटली नव्हती. ज्या फिलहार्मॉनिक सोसायटीने बीथोव्हेनला नवव्या सिंफनीसाठी मानधन दिले आणि १८२७ साली त्याच्या अखेरच्या आजारात शंभर पौंड पाठविले, तिच्याच शहरात त्याच्या या रचनेची ही गत होती.

आता संचालकाकडे वळू. वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभा असलेला एकच अधिकारी, हे चित्र आज आपल्याला स्वाभाविक वाटते. त्या काळी ते नवे होते. लंडनमध्ये पूर्वी पहिला व्हायोलिनवादक गजाने इशारे देई आणि दुसरा एक जण पियानोशी बसून चुकलेल्यांना सावरी. जबाबदारी दोघांत वाटलेली, म्हणजे खरे तर कोणाचीच नाही. प्रशासनाचा अनुभव असलेल्या वाचकांस या व्यवस्थेचे परिणाम सांगावयास नकोत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात छडीधारी संचालकाची प्रथा रुजली, आणि ती रुजविणाऱ्यांत मेंडेल्सन अग्रभागी होते. १८४३ साली फ्रेंच रचनाकार बेर्लिओझ लाइपझिगला आले असता त्या दोघांनी आपापल्या छड्यांची अदलाबदल केली. या नव्या पेशाला स्वतःचे मानचिन्ह लाभले होते, हेच त्यातून दिसते.

मेंडेल्सन यांचा स्वतःचा उदयही लहान वयातलाच. ११ मार्च १८२९ रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी बर्लिनमध्ये बाखचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुनरुज्जीवित केले आणि जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या बाखला लोकांसमोर आणले. १८३५ साली, सव्विसाव्या वर्षी, लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. शूबर्टची थोरली सी मेजर सिंफनी त्यांनीच १८३९ मध्ये प्रथम वाजविली. थोडक्यात, दुर्लक्षित रचनेला न्याय देणे हा त्यांचा स्वभावच होता. बालकलावंत म्हणून मिरविले जाणे म्हणजे काय, हेही त्यांना आतून ठाऊक होते, आणि सुसंस्कृत घराने आपल्याला साहित्य, भाषा, चित्रकला यांचे शिक्षण देऊन कसे सावरले, हेही ते जाणून होते.

योआखिमचा जन्म २८ जून १८३१ रोजी, तेव्हाच्या हंगेरीच्या राज्यातील किटसे या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. तो लहान असतानाच कुटुंब पेस्ट शहरात आले. सातव्या वर्षी त्याने पहिला जाहीर कार्यक्रम केला. पुढे व्हिएन्नात योझेफ ब्योम यांच्याकडे त्याची तालीम झाली. या ब्योम यांचे महत्त्व असे, की १८२५ साली बीथोव्हेनच्या उत्तरकालीन चतुर्वादनाची तालीम त्यांनी खुद्द बीथोव्हेनसमोर केली होती. बीथोव्हेन तोवर पूर्ण बहिरा झाला होता. तो वादकांच्या गजांच्या हालचाली डोळ्यांनी पाहून लयीतील चूक दाखवी. अशा गुरूचा हा शिष्य. आपल्याकडे ज्याला घराण्याची तालीम म्हणतात, तीच येथे युरोपीय वेशात दिसते.

१८४३ साली योआखिमची नातलग फॅनी व्हिट्गेनश्टाइन हिने त्याला लाइपझिगला आणले. त्याच वर्षी मेंडेल्सन यांनी तेथे संगीतविद्यालय स्थापन केले होते. मुलाला त्यात घालावे, हा घरच्यांचा सरळ विचार. मेंडेल्सन यांनी त्याला ऐकले, स्वतः पियानोवर त्याची साथ केली, आणि निर्णय दिला तो अनपेक्षित होता. या मुलाला विद्यालयातील व्हायोलिनच्या वर्गाची गरज नाही; त्याने वेळोवेळी आपल्याबरोबर वाजवावे, मात्र त्याच्या सर्वसाधारण शिक्षणाची नीट व्यवस्था करावी. त्याप्रमाणे खासगी शिक्षक नेमले गेले. स्वतःच्या नव्या संस्थेची पटसंख्या वाढविण्याची संधी सोडून देणारा संस्थाचालक आम्हांस तरी विरळा वाटतो.

मग १८४४ चा वसंत. योआखिम लंडनला आला आणि मार्चमध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात एका मिश्र कार्यक्रमात वाजवून गेला. पण मेंडेल्सन यांना त्याच्यासाठी फिलहार्मॉनिकचे व्यासपीठ हवे होते. त्या हंगामातील अनेक कार्यक्रमांचे संचालन त्यांच्याकडे आले होते. अडचण एकच : इतक्या कोवळ्या वयाच्या वादकांना सोसायटीच्या मंचावर स्थान द्यावयाचे नाही, हे सोसायटीचे धोरण होते.

हे धोरण वाईट होते काय? मुळीच नाही. त्या काळी युरोपभर 'अद्भुत बालकां'चा बाजार भरला होता. आईबाप मुलांचे वय कमी सांगत, त्यांना गावोगाव नाचवीत, आणि मिसरूड फुटताच श्रोते पाठ फिरवीत. खुद्द क्लेमेंट १८४२ साली व्हिएन्नात विपन्नावस्थेत वारले. गंभीर संगीतासाठी स्थापन झालेल्या संस्थेने अशा प्रदर्शनास दार बंद ठेवले, हे योग्यच होते. शासकीय सेवेत नियमपुस्तके हाताळण्यात ज्यांची हयात गेली, अशा आमच्यासारख्यांना तर त्या धोरणाविषयी आदरच वाटतो. नियम बहुधा कोणाच्या तरी दुःखाच्या अनुभवातून तयार झालेले असतात.

परंतु नियमाचा हेतू आणि नियमाचे अक्षर यांत केव्हा अंतर पडते, हे ओळखणे हीच अधिकाऱ्याची कसोटी. मेंडेल्सन यांनी आपल्या कीर्तीचा दबाव आणून काम साधले नाही. निवडक संगीतज्ञ आणि रसिक यांच्यासमोर मुलाला वाजवावयास लावले आणि निर्णय त्यांच्या कानांवर सोपविला. मुलाची समज प्रौढ आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि अपवाद केला गेला. निवडही लक्षणीय होती. टाळ्या घेणारे चमकदार तुकडे मेंडेल्सन त्याच्याकडून वाजवून घेऊ शकले असते. त्यांनी निवडली ती लोकांनी नापसंत केलेली, दीर्घ, शांत रचना. ज्या नियमाने तमाशा रोखावयाचा होता, त्याचा हेतू या निवडीने अधिकच पाळला गेला.

योआखिमची तयारी पूर्ण होती. कॉन्चेर्टो त्याला मुखोद्गत होता, आणि समोर कागद न ठेवता वाजविणे तेव्हा रूढ नव्हते. या रचनेत काही ठिकाणी वाद्यवृंद थांबतो आणि वादकाने एकट्याने विस्तार करावयाचा असतो. त्यास कॅडेन्झा म्हणतात. बीथोव्हेनने व्हायोलिनसाठी तो लिहून ठेवला नव्हता. या मुलाने आपले कॅडेन्झा स्वतः रचले होते. तालमीची वार्ता आधीच शहरात पसरली होती, त्यामुळे तो वाद्यवृंदासमोर येताच टाळ्यांचा गजर झाला. आरंभीचे स्वर निघताच तो वाढला, आणि पुढे प्रत्येक भागाला श्रोत्यांची दाद मिळत गेली. हा सारा वृत्तान्त मेंडेल्सन यांनी स्वतः पत्राने कळविला आहे. स्वतःच्या गौरवाबद्दल माणसे पत्रे लिहितात. दुसऱ्याच्या, तेही एका मुलाच्या, गौरवाबद्दल इतक्या आनंदाने लिहिणारा कलावंत दुर्मीळच.

या हंगामाची दुसरी बाजूही नोंदवावयास हवी. त्याच लंडनमध्ये मेंडेल्सन यांनी शूबर्टची ती थोरली सिंफनी तालमीस घेतली, तेव्हा शेवटच्या भागातील तोच तो लयबंध वाजविताना वादकांना हसू आवरेना, असे सांगतात. मेंडेल्सन यांनी ती कार्यक्रमातून काढून घेतली. म्हणजे श्रोते आणि वादक एकाएकी सुधारले होते असे नाही. बीथोव्हेनच्या रचनेला योग्य वेळी योग्य वादक व योग्य संचालक मिळाले; शूबर्टला अजून वाट पाहावी लागणार होती.

या यशानंतर काय झाले, हे आमच्या मते त्या संध्याकाळहूनही महत्त्वाचे आहे. मुलाला लगेच युरोपभर फिरविण्यात आले नाही. तो लाइपझिगला परतला आणि अभ्यासाला लागला. मेंडेल्सन यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात स्वतःचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो पुरा केला. तो लिहिण्याचा शब्द त्यांनी १८३८ सालीच गेवांडहाउसचे प्रमुख व्हायोलिनवादक फर्डिनांड डेव्हिड यांना दिला होता. १३ मार्च १८४५ रोजी डेव्हिड यांनी तो प्रथम वाजविला. मेंडेल्सन लाइपझिगमध्ये नव्हते, म्हणून संचालन केले अठ्ठावीस वर्षांच्या नील्स गाडे या डॅनिश रचनाकाराने. आपल्या सर्वांत लाडक्या रचनेचा पहिला प्रयोग एका तरुण सहकाऱ्याच्या हाती सोपविण्यातही तीच वृत्ती दिसते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ड्रेस्डेन येथे हा कॉन्चेर्टो चौदा वर्षांच्या योआखिमने वाजविला.

४ नोव्हेंबर १८४७ रोजी मेंडेल्सन वारले, तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते. योआखिमला पुढे साठ वर्षांचे आयुष्य लाभले. १८६९ पासून त्याने बर्लिनच्या संगीतविद्यालयाची धुरा वाहिली, त्याच वर्षी स्वतःचे चतुर्वादक मंडळ उभे केले, आणि लेओपोल्ड आउअर यांच्यासारखे शिष्य घडविले. १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगमध्ये ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो ब्राम्सच्याच संचालनाखाली त्याने प्रथम वाजविला, आणि त्याच कार्यक्रमात बीथोव्हेनचा कॉन्चेर्टोही आवर्जून ठेवला. १९०४ च्या मे महिन्यात, लंडनमधील पदार्पणास साठ वर्षे झाली म्हणून, क्वीन्स हॉलमध्ये त्याचा सत्कार झाला. बहात्तर वर्षांच्या योआखिमने तेथे वाजविला तो पुन्हा बीथोव्हेनचाच कॉन्चेर्टो. संचालक होते हेन्री वुड. १९०३ साली ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या मोजक्या तबकड्या आजही ऐकता येतात. आवाज क्षीण आहे, पण ज्याच्या गुरूने बीथोव्हेनला प्रत्यक्ष पाहिले त्याचा गज आपण ऐकत आहोत, ही जाणीव अंगावर काटा आणते. १५ ऑगस्ट १९०७ रोजी त्याने बर्लिनमध्ये देह ठेवला.

या परंपरेवर पुढे आलेले सावटही विसरता येत नाही. मेंडेल्सन आणि योआखिम दोघेही जन्माने ज्यू. १९३६ साली लाइपझिगच्या गेवांडहाउससमोरील मेंडेल्सन यांचा पुतळा नाझींनी हटविला. त्याची प्रतिकृती त्या शहरात २००८ साली पुन्हा उभी राहिली. पुतळा काढता आला. त्यांनी जिवंत केलेली रचना मात्र काढून टाकता आली नाही.

या विषयाचा आपल्या भूमीशी काही धागा आहे काय? आहे. ज्या काळी लंडन-लाइपझिगमध्ये हे घडत होते, त्याच काळात व्हायोलिन दक्षिण हिंदुस्थानच्या संगीतात रुजत होते. तंजावरच्या मराठा राजदरबारात वाढलेल्या वडिवेलू यांना १८३४ साली त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. गोव्यातील चर्चच्या शाळांनी तर पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनवादक घडविले, आणि मुंबईचे वाद्यवृंद त्यांच्याच बळावर उभे राहिले. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे पुत्र झुबिन १९५४ साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला शिकावयास गेले आणि जगद्विख्यात संचालक झाले. यहुदी मेनुहिन १९५२ साली भारतात आले, ते दुष्काळनिधीसाठी वाजविण्यास. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी त्यांचा जन्मभराचा स्नेह त्याच भेटीत जुळला. या मेनुहिननेही १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये अकराव्या वर्षी बीथोव्हेनचाच कॉन्चेर्टो वाजविला होता. संचालक फ्रिट्झ बुश प्रथम नाखूश होते. ऐकल्यावर मात्र तयार झाले. योआखिमची कथाच जणू पुन्हा घडली.

आपल्याकडील उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी हा मुलगा 'कुमार गंधर्व' म्हणून बालवयातच गाजला. मिरविणे तसेच चालू राहते, तर कदाचित ती कथा तेथेच संपली असती. परंतु मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे तो शिकावयास राहिला, आणि पुढे देवासला जो गायक उभा राहिला, त्याची ओळख इंदूर-देवासकडील आमच्या वाचकांस करून देण्याची गरज नाही. मेंडेल्सन आणि देवधर यांच्यात अंतर खंडांचे आहे. शहाणपण एकाच जातीचे आहे.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी समाजाने नाट्यसंगीत, कीर्तन, गणेशोत्सवातील मेळे हे सारे जपले, ते मुलांना मंचावर आणूनच. त्यात गैर काही नाही. मात्र आज स्पर्धा आणि बक्षिसे यांची गर्दी वाढली आहे, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाने मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या हावभावांसह म्हटली की आपण कौतुकाने माना डोलावतो. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. हे मूल जे वाजविते वा गाते, ते त्याला समजले आहे काय? मंचावर प्रतिष्ठा रचनेची वाढते आहे, की केवळ वयाच्या आकड्याची? आणि टाळ्या संपल्यावर त्याला पुन्हा अभ्यासाला बसविणारे कोणी आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर नियम खुशाल बाजूला ठेवावा. नसतील, तर त्या मुलाच्या हितासाठी दार आणखी काही वर्षे लावून ठेवणेच बरे.